सोन्याची पंगत

फाटकाच्या काचेवर डावा तळहात टेकवायचा. आतलं यंत्र अंगठ्याखालच्या उंचवट्यावर गोंदलेला टिकला बघायचं. टिकला तांबडा असला तर फाटक उघडायचं, निळा असला तर नाही. रस्त्यावर तांबडा म्हणजे थांब, इथं तांबडा म्हणजे ये. लोकांना या उलट्याची सवय आठवड्यात झाली. गरिबाला कुठल्याही उलट्याची सवय आठवड्यात होते, त्यावरच तर कारखाने चालतात.

दुर्गेश विटकरचा टिकला कायम तांबडा. डाळिंबाचा दाणा जसा.

त्या दिवशी तो बहिणीकडं चहाला आला आणि त्याच्या उजव्या हातातून पेला पडला. रेणुकानं फडक्यानं चहा पुसला. दुसरा पेला दिला, तोही पडला.

"अक्का, तुझे पेलेच गुळगुळीत," दुर्गेश म्हणाला.

"स्टीलचे हायत. मग काय काटेरी घेऊ?"

तो हसला. हसताना हिरड्या दिसल्या. दातांच्या मुळाशी बारीक निळसर रेघ होती, कुणी बॉलपेननं ओढल्यासारखी. रेणुकानं ती बघितली आणि नजर दुसरीकडं वळवली, कारण कारखान्याच्या भट्टीवर राबणाऱ्या तिघांच्या तोंडात ही रेघ तिनं आधी बघितली होती. त्यातला एक आता जिवंत नव्हता.

"पोट कसंय?"

"पिळतंय कधीमधी. वय झालं."

दुर्गेश एकतीस वर्षांचा होता.

सोलापूरच्या पुढं, जिथं कुसळी गवताशिवाय काही उगवत नाही अशा माळावर हा कारखाना. देशात पंचवीस-तीस वर्षांपूर्वी सूर्यावर वीज करायची पॅनेलं मैलोगणती अंथरली होती, ती आता मेली. मेलेल्या पॅनेलांचे डोंगर इथं येतात. काच फोडायची, पट्ट्या काढायच्या, भट्टीत घालायच्या. त्या पट्ट्यांच्या जोडांवर शिसं असतं. भट्टीवर त्याची वाफ होते, धूळ होते, आणि ती माणसाच्या आत जाऊन बसते. स्वच्छ वीज शहरानं वापरली, उरलेलं शिसं माळावर आलं. खाणीत यंत्रं आल्यावर दगड फोडणारे वडार रिकामे झाले होते, कारखान्याला फोडणारे हात हवे होते. गाठ पडली.

माणसं मरायला लागली तेव्हा आंदोलन झालं, कायदा झाला. शिसं अंगात चढलेल्या कामगाराला भट्टीपासून दूर ठेवायचं. पण चढलंय हे कळणार कसं? रक्त तपासायला सुई लागते, सुईला नर्स लागते, नर्सला पगार लागतो. म्हणून टिकला आला. एकदा गोंदला की स्वतःच सांगतो, पगार मागत नाही.

टिकल्यात सोनं असतं. आपल्या केसाच्या जाडीचे वीस हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा एक कण. इतकं बारीक सोनं पिवळं दिसत नाही. कण एकमेकांपासून लांब असले तर तांबडं दिसतं, जवळ आले तर निळं. या प्रत्येक कणावर रेणूंचे केस लावलेले असतात. केसाचं एक टोक सोन्याला धरून, दुसरं मोकळं. काही केस काठीसारखे ताठ, काही मऊ. आणि हे केस एका जागी रुतलेले नसतात, कणावरून सरकू शकतात. शिसं आलं की मऊ केस ते पकडतात, आकसतात, ताठ केसांना दोन टोकांकडं ढकलतात. गोल कण मग चरख्याच्या लांबट चातीसारखा वागायला लागतो आणि आपल्यासारख्या दुसऱ्याशेजारी जाऊन बसतो. कुणी हुकूम देत नाही, कुणी ढकलत नाही, तरी रांगेमागं रांग, थरावर थर लागत जातो. पंगत बसावी तसा. पंगत बसलेली असते तरी सगळं पाण्यासारखं वाहू शकतं. पूर्ण द्रव नाही, पूर्ण स्फटिकही नाही. त्याला द्रव-स्फटिक म्हणतात. पंगत बसली की कण जवळ आले, कण जवळ आले की टिकला निळा.

सोनं सगळ्या कणांत एकच असतं. कोण कुणाच्या पंगतीला बसणार हे वरचा अंगरखा ठरवतो. हे काही आपल्याला प्रयोगशाळेतून शिकायची गरज नव्हती.

टिकला गोंदायचं काम रेणुकाचं. तिची आई दिवसभर दगड फोडायची आणि जत्रेत गोंदायला बसायची. काजळीत कारल्याच्या पाल्याचा रस खलून ती शाई करी. गोंदलं की काळं, खपली पडली की निळं-हिरवं, आणि मग मेल्यावर सरणातच जाणारं. आईचा हात रेणुकात उतरला होता. कंपनीनं तिला खोली दिली, विजेची सुई दिली, कुलपात ठेवायची सोन्याची कुपी दिली. सोनं कातडीत हळूहळू विरतं, म्हणून दर सहा महिन्यांनी टिकला भरायचा. भरणी झाल्यावर खपली पडेपर्यंत फाटक त्या हाताला विचारत नसे.

टिकले आले आणि पहिल्याच वर्षी एक नवल झालं. बाहेरून आलेल्या कामगारांचे टिकले भट्टीवर भराभर निळे पडले. वडारवस्तीतल्या पुरुषांचे पडले नाहीत. पुण्याहून डॉक्टर अवंती सबनीस आल्या, आकडे घेऊन गेल्या, आणि त्यांचा निबंध परदेशात छापून आला. या समाजाच्या रक्तात शिसं सोसण्याची पिढीजात ताकद आहे, असं त्यात होतं. दगडाच्या धुळीत शेकडो वर्षं राबल्यामुळं आली असावी, असंही होतं. वस्तीतल्या बायकांचे मात्र निळे पडत होते. त्याचंही कारण निबंधात सापडलं, ताकद पुरुषांकडूनच उतरते म्हणे.

कंपनीनं मग भट्टी पूर्ण वडारांना दिली. दीडपट मजुरी आणि घराण्याची जागा. बाप सुटला तर मुलगा, भाऊ सुटला तर भाऊ, दोन्ही नसले तर बायको.

मुकादम तिप्पण्णानं तो निबंध मराठी करून घेतला आणि देवळात चौकट करून लावला. हार घातला.

*

गुळगुळीत पेल्यांनंतर महिन्याभरात दुर्गेशला शर्टाची बटणं लावता येईनात. बायको ऋतुजा लावून द्यायची आणि वर टोमणे मारायची, "लग्नात एवढा नटला न्हवता, आता रोज नटवतीय." पण एकटी असली की रडायची. दुर्गेश यल्लम्माला नवस बोलला. हात बरा होऊ दे, पौर्णिमेपर्यंत तंबाखूला शिवणार नाही.

चौथ्या दिवशी तो धावत रेणुकाच्या खोलीत आला. डावा तळहात पुढं केला. टिकला जांभळा झाला होता.

"अक्का, हे बघ काय झालं! कोपली का गं आई?"

रेणुका वाकून बघत होती, तेवढ्यात त्यानं हात काढून घेतला. खिशातली चुन्याची डबी उघडली, बोटभर चुना तळहातावर घेतला आणि उजव्या अंगठ्यानं मळायला लागला. नवस गेला खड्ड्यात. अंगठा नीट चालत नव्हता, तरी मळत राहिला. बोलत राहिला, पुटपुटत राहिला. अर्ध्या तासानं त्यानं हात धुतला. टिकला डाळिंबाचा दाणा झाला होता.

"कोप उतरला!" तो म्हणाला. "नवस मोडला तरी उतरला. चांगली हाय आई."

तो कामावर गेला. रेणुका सुई हातात धरून बसून राहिली.

टिकला तळहातावर का घातला? काचेवर टेकवायला सोपा म्हणून. ज्यानं ही जागा ठरवली त्यानं कधी तंबाखू मळणारा माणूस बघितला नव्हता. डाव्या तळहातावर तंबाखू, तंबाखूवर चुना, उजवा अंगठा. दिवसातून दहा-पंधरा वेळा, तेही नेमक्या त्याच उंचवट्यावर. चुन्यानं तिथली कातडी सोलते, चुना आत उतरतो. चुन्याच्या जहाल खारानं सोन्यावरच्या केसांची टोकं सगळी एकाच विजेनं भारली जातात, आणि एकाच विजेचे दोघं एकमेकांना लांब ढकलतात. पंगत उठते. आत शिसं असतं तेवढंच असतं, फक्त टिकला तांबडा होतो. रेणुकाला यातलं विजेचं काही ठाऊक नव्हतं. तिनं एवढंच बघितलं की बाहेरून आलेले पुडीतला गुटखा खातात, बायका मिसरी लावतात, तंबाखू कुणीच मळत नाही. आणि त्यांचेच टिकले निळे पडतात.

रक्तात काही ताकद नव्हती. चुन्यात होती.

*

ती आधी तिप्पण्णाकडं गेली. तो देवळाच्या पायरीवर बसला होता, त्याच्या डोक्यावर चौकट.

तिनं सगळं सांगितलं. त्यानं मध्ये तोडलं नाही. मग म्हणाला, "पोरी, माझ्या बापाला हाटेलात कप वेगळा होता. का? तर रक्त. पोलीस पहिलं आमच्या पालावर यायचे. का? रक्त. आज पहिल्यांदा कुणीतरी लिवलंय की आमचं रक्त चांगलं हाय. साऱ्या जगात छापलंय. आणि तू म्हणतीस ते खोटं?"

"मामा, दुर्ग्याचा हात गेलाय."

"हात कुणाचा जात न्हाई? खाणीत जात न्हवता? तवा पगार तरी होता का? तवा हार तरी होता का?"

"हार मढ्यालाबी असतो की."

"जा तू," तिप्पण्णा म्हणाला. "आणि हे बाहेर बोलू नकोस. भट्टी बंद झाली तर वस्ती तुला चुलीत घालील. मी अडवणार न्हाई."

डॉक्टर सबनीस महिन्याच्या फेरीला आल्या तेव्हा रेणुकानं त्यांच्यासमोरच करून दाखवलं. भट्टीवरचं काम सोडवून नुकतीच घरी बसवलेली एक बाई तिनं बोलावली होती. तिच्या निळ्या टिकल्यावर चुना मळला. दोघी बघत बसल्या. टिकला जांभळा झाला, मग तांबडा.

सबनीसबाईंनी त्या बाईचा हात उजेडात नेऊन पुन्हा बघितला. त्या दुष्ट नव्हत्या. दुष्ट माणसाशी भांडता येतं.

"हे माझ्या लक्षात यायला हवं होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "तंबाखूचा प्रश्न आम्ही विचारला होता. चुन्याचा नाही विचारला."

"मग आता?"

"सगळ्यांचं रक्त तपासावं लागेल. निबंध मागं घ्यावा लागेल. त्या निबंधाच्या आधारानं अजून तीन देशांत भट्ट्या..." त्या थांबल्या. "रेणुकाताई, मी बघते."

"कधी?"

"बघते म्हटलं ना."

त्यांनी बघितलं. दोन महिन्यांनी वरून फर्मान आलं की नव्या कामगारांचा टिकला तळहाताऐवजी दंडावर घालावा, फाटकाच्या काचेला त्यांनी दंड टेकवावा. जुन्यांचं काय, त्यावर ओळ नव्हती. डॉक्टरबाईंची बदली झाली की त्यांनी मागून घेतली हे कुणाला कळलं नाही.

रेणुकानं भावाला समोर बसवून सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "मग बरंच झालं की. चुना स्वस्त हाय."

"मरशील, दुर्ग्या."

"घरी बसून काय जगतो का? अक्का, निळं पडलेल्यांना काय मिळतं? घरी जा म्हणतात. भाकरी घेऊन जा म्हणत न्हाईत."

कायदा करणाऱ्यांनी भट्टीपासून दूर ठेवायचं लिहिलं, पोटाचं काय करायचं ते लिहिलं नाही. निळा टिकला हा इलाज नव्हता, हकालपट्टी होती. म्हणून ज्याला जगवायला टिकला काढला, तोच चुन्यानं टिकल्याचं तोंड बंद करत होता.

तरी रेणुकाला भाऊ जिवंत हवा होता. भुकेला, चिडलेला, कसाही, पण जिवंत.

भरणीचा दिवस आला. दुर्गेश तिच्यासमोर बसला, तळहात उताणा ठेवला, नेहमीसारखा दुसरीकडं बघत राहिला. सुईची त्याला लहानपणापासून भीती. रेणुकानं सोन्याची कुपी कुलपातून काढलीच नाही. टेबलाखालची वाटी घेतली. त्यात काल खललेली काजळी होती, कारल्याच्या पाल्याच्या रसात.

"आज लई टोचतंय गं."

"गप बस. जरा खोल घालतीय."

"कसला वास येतोय? आईच्या पेटीसारखा."

तिचा हात क्षणभर थांबला. मग सुई पुन्हा चालू झाली.

*

खपली पडली आणि टिकला निळा निघाला. फाटक उघडलं नाही. दुर्गेशनं तिथंच उभं राहून चुना मळला. रांग मागं खोळंबली, लोक शिव्या घालायला लागले. त्यानं कातडी फुटेपर्यंत मळला. काजळीला चुन्याचं काय? ती कशाच्याच पंगतीला बसत नाही आणि उठतही नाही.

संध्याकाळी तो रेणुकाच्या दारात आला. आत आला नाही. त्यानं तळहात वर धरला आणि म्हणाला, "हा रंग मी ओळखतो. आईच्या हातावर होता."

रेणुकानं त्याच्यासाठी पाट मांडला.

"कंपनीला सांगत न्हाई. तुझी नोकरी जाईल. पण तू माझी कुणी न्हाईस आता."

तो गेला. तिला वाटलं, चालेल. जिवंत तर राहील.

पण घराण्याची जागा रिकामी राहत नाही हे ती विसरली होती. दुर्गेशला भाऊ नव्हता, मूल नव्हतं. कंपनीनं बायकोला घेतलं. चार दिवसांनी ऋतुजा रेणुकाच्या टेबलासमोर येऊन बसली, वहिनी कधी बसली नसेल एवढी ताठ. नव्यांचा टिकला दंडावर, म्हणून तिनं बाही वर केली. दुसऱ्या हाताच्या मुठीत चुन्याची डबी होती.

"सोन्याचा घाला, अक्का," ती म्हणाली. "तुमच्या आईचा नको. मला सगळं ठाव हाय."

"दंडावर चुना मळणार तू?"

"मळीन. चोळीखाली कोण बघतंय?"

"ऋतू, तुझ्या पोटात..."

"काय न्हाई पोटात. दोनदा राहिलं, दोनदा गेलं. त्याच्या अंगातलंच शिसं ते. तुम्हाला सांगितलं न्हाई. आता घाला."

रेणुकानं सोन्याचाच घातला. घालताना तिला कळलं की एका माणसाला वाचवायचं म्हणजे दुसऱ्याला त्याच्या जागी बसवायचं. पंगतीतला एक कण उचलला तर दुसरा सरकून तिथं येतो. पंगत मोडायची तर सगळी मोडावी लागते.

पुढच्या भरणीला भट्टीवरचे सगळे आले. गडी, त्यांच्या बायका, तिप्पण्णाचे दोन मुलगे, ऋतुजा. गप्पा मारत, एकमेकांना चिमटे काढत आले. "अक्का, माझ्यावर मोर काढ," कुणी म्हणालं. "तुझ्यावर गाढव काढीन," ती म्हणाली. हशा झाला. तिनं एकेकाचा हात घेतला आणि वाटीतली शाई भरली. कुणाला वास आला नसेल असं नाही. प्रत्येकाच्या घरात गोंदलेली म्हातारी होती. पण आपल्या बहिणीसारखी बाई आपल्याला फसवील असं कुणाच्या मनात आलं नाही.

*

खपल्या पडायला लागल्या आणि भट्टी थंड झाली. एकाही हाताला फाटक उघडेना. कंपनीनं जाहीर केलं की गोंदणारीनं सोनं चोरून काजळ भरलं. कुपी कुलपात भरलेलीच होती, पण कोण उघडून बघतं? आणि हेही जाहीर केलं की भट्टी दुसऱ्या जिल्ह्यात नेण्याचा विचार आहे.

भर दुपारी सगळी वस्ती रेणुकाच्या घरासमोर आली. वडाराला दगड शोधावा लागत नाही. ती दार उघडून उंबऱ्यावर उभी राहिली.

"चोरटी!" कुणीतरी ओरडलं.

"सोनं कुलपात हाय," रेणुका म्हणाली. "माझ्याकडं काजळ हाय. ये, तुझ्या तोंडाला लावते."

"आमच्या पोटावर का गं पाय दिलास?" ही ऋतुजा होती. तिच्या आवाजात राग कमी आणि थकवा जास्त.

तिप्पण्णा पुढं आला. त्यानं गर्दीकडं वळून सांगितलं, "आपली रीत हाय. घरच्यानं आधी." मग दुर्गेशकडं बघितलं. "तुझी बहीण. पयला दगड तुझा."

दुर्गेश पुढं आला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं उघडी. तो वाकला. मारण्यासाठी वाकला की उचलून बाजूला ठेवण्यासाठी, ते कुणालाच कळलं नाही, कारण दगड उचललाच गेला नाही. बोटं दगडावर फिरली आणि घसरली. त्यानं पुन्हा धरला. वीतभर वर आला आणि निसटला.

लिंबाएवढा दगड होता. त्याच्या बापानं मण-मण वजनाचे खांद्यावर वाहिले होते.

रेणुका उंबरा उतरून त्याच्याजवळ गेली. तिनं दगड उचलला, त्याचा उजवा हात हातात घेतला, दगड तळव्यावर ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली.

"मार," ती म्हणाली. "मार की. बघू दे सगळ्यांना."

तिनं आपला हात काढला. दुर्गेशचं मनगट पंख मोडल्यासारखं खाली लोंबलं, बोटं उघडली, दगड मातीत पडला. दुर्गेश त्या हाताकडं बघत राहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"अक्का," तो म्हणाला, एवढंच.

ऋतुजानं मुठीतला दगड टाकला आणि आपला उजवा हात समोर सरळ धरला, पंजा वर उचलून. आपलंही मनगट लोंबतंय का ते ती बघत राहिली. तिच्या शेजारच्यानं धरला. मग तिप्पण्णाच्या थोरल्या मुलानं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ढकललं नव्हतं, पण एकामागून एक सगळ्यांनी हात पुढं केले, फाटकापुढं करतात तसे. समोर फाटक नव्हतं.

तिप्पण्णा मुलाच्या हाताकडं बघत होता. हळूहळू मनगट खाली यायला लागलं. म्हाताऱ्यानं आपल्या हातानं त्याला खालून आधार दिला, आणि तसाच धरून उभा राहिला.